रिकाम्या जागेचा ताशी दर

पोकलेनचं वय कुणी वर्षांत सांगत नाही, तासांत सांगतात. ‘अठ्ठावीसशे तास चाललंय’ म्हटलं की ऐकणारा जाणकारासारखी मान हलवतो आणि मॉडेलचं साल विचारायचं विसरतो. मोटारीला किलोमीटर असतात, कारण मोटार कुठेतरी जाते. पोकलेन कुठेच जात नाही. तो एका जागी उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि डावीकडची माती उजवीकडे ठेवतो. त्याच्या आयुष्याचा हिशेब अंतरात मांडण्यात अर्थ नसतो. म्हणून सीटच्या बाजूला एक इवलीशी काचेची खिडकी असते, तिच्यात आकडे असतात, आणि शेवटचा आकडा तासाच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे सहा मिनिटांचा. इंजिन सुरू झालं की हा आकडा चालू लागतो. मग बकेट कातळावर घासत असो, की ऑपरेटर आंब्याच्या सावलीत तंबाखू मळत बसलेला असो आणि इंजिन नुसतंच घुरघुरत असो, मीटरला दोन्ही सारखंच. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला असं मीटर पाहताक्षणी जवळचं वाटतं. मी जमिनी मोजल्या, हद्दी दाखवल्या, नकाशांवर डोंगरांच्या कडेने रेघा ओढल्या. पण सगळ्या नोकरीत घमेलंभर मातीसुद्धा इकडची तिकडे केली नाही. माझ्याही मीटरवर तास भरपूर पडले असणार. त्यांतले जमिनीला टेकलेले किती आणि घुरघुरलेले किती, हे विचारायला निवृत्तीनंतर कुणी येत नाही, ही सरकारची कृपाच.

निवृत्त माणसाला कसली ना कसली ओढ लागतेच. कुणी हार्मोनियम घेतो, कुणी नर्मदा परिक्रमेला निघतो, कुणी घराण्याची वंशावळ शोधत पेशवाईपर्यंत जाऊन पोचतो. मला जुना मिनी पोकलेन घ्यावासा वाटू लागला. त्याला कारण होतं राजापूर तालुक्यात वडिलांच्या वाटणीला आलेलं हेक्टरभर वरकस. अर्धी जमीन तांबडी, अर्धी कातळाची, आणि तिच्यापर्यंत जाणारी पाणंद अशी की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून एका गुराने दुसऱ्या गुराला वाट द्यावी एवढीच जागा. जेसीबी म्हणजे सात-साडेसात टनांचा ऐवज. तो तिथून न्यायचा तर गडगा पाडावा लागतो, आणि गडगा पाडायचा तर मुंबई, ठाणे आणि डोंबिवलीत विखुरलेल्या सगळ्या भाऊबंदांची संमती लागते. जेसीबीचे निर्माते जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५३ साली पुढे फावडं आणि मागे खणणारा हात असलेलं आपलं पहिलं मशीन बनवलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्लंडातले बांध असतील. कोकणातली भाऊबंदकी नक्कीच नव्हती. तीन टनांचा मिनी पोकलेन मात्र दीड मीटरच्या आसपास रुंद. रबराच्या पट्ट्यांवर तो कुणाचीही संमती न घेता गुरांच्या वाटेने वर जातो.

घरात हा विषय निघाला तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला. “अहो, खड्डे किती आहेत?” स्त्रियांना व्यवहाराचं मर्म नेमकं कुठे असतं ते कळतं. हापूसच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं. शंभर झाडं म्हणजे शंभर खड्डे. मऊ मुरमात एका खड्ड्याला पाव तास धरला तरी पंचवीस तासांत काम संपतं. “पंचवीस तासांसाठी मशीन विकत?” ती म्हणाली. “भाड्याने आणा की.” भाड्याची मशीन मे महिन्यात मिळत नाहीत, कारण कोकणात सगळ्यांनाच पावसाच्या तोंडावर खणायचं असतं, हे मी सांगितलं. पुढे म्हणालो की उरलेल्या वेळात बाहेरची कामं घेता येतील. शोषखड्डे, पाइपांचे चर, घरांचे पाये. मशीन आपलं आपणच फेडून घेईल. जगात जी जी वस्तू गरजेपेक्षा मोठी विकत घेतली जाते, ती आपलं आपणच फेडून घेणार असते. घरघंटी, दुभती म्हैस, झेरॉक्स मशीन, सगळ्यांनी हेच वचन दिलेलं असतं. ही थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे घरचे पंचवीस तास आणि बाहेरची पंचवीस वर्षं.” माझ्या हिशेबाचा इतका नेमका गोषवारा मला स्वतःला जमला नसता.

पण या छोट्या यंत्राचा जन्मच मुळी छोट्या माणसाच्या खड्ड्यातून झाला आहे, हे मी हिला नंतर सांगितलं. जपानच्या नागानो प्रांतात साकाकी नावाचं गाव आहे. तिथे अकिओ ताकेउची यांनी १९६३ साली कारखाना काढला. घरांचे पाये कुदळ-फावड्याने खणणारं एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे आलं आणि माझ्यापुरतं काहीतरी बनवून द्या म्हणालं, अशी त्या कारखान्याची गोष्ट सांगतात. १९७१ साली त्यांनी पूर्ण गोल फिरणारा पहिला छोटा पोकलेन बाजारात आणला. त्याआधीचं खणणं मोठ्यांचं होतं. अमेरिकेत विल्यम ओटिस या तरुणाने वाफेवर चालणाऱ्या फावड्याचं पेटंट १८३९ साली घेतलं आणि त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. त्याच्या फावड्याच्या वंशजांनी पुढे रेल्वेचे मार्ग कोरले, पनामाचा कालवा खणला. त्या भल्यामोठ्या खणण्याला देश लागत, सैन्यं लागत, बँका लागत. साकाकीच्या गिऱ्हाइकाला फक्त एका घराचा पाया हवा होता. मला वाटतं, यंत्रांच्या इतिहासात खरी सभ्यता या दुसऱ्या टप्प्यावर येते. कुदळ धरून कंबर मोडलेल्या माणसाने पाठ सरळ करून आपल्या मापाचं काहीतरी मागितलं आणि त्याला ते मिळालं.

जुनी मशीन बघायला घाट चढून कोल्हापूरकडे जावं लागतं. हमरस्त्याच्या कडेला तारेच्या कुंपणाआड ती उभी असतात. बूम दुमडलेली, बकेट छातीशी घेतलेली, पाऊस पडून गेल्यावर चिखलात थिजलेल्या करकोच्यांचा थवा असावा तशी. सगळ्यांना नुकताच पिवळा नाहीतर नारिंगी रंग दिलेला असतो आणि रंगाचा वास डिझेलच्या वासावर मात करायला धडपडत असतो. विकणारे गृहस्थ अतिशय गोड होते. “मशीन लई गुणाचं हाय, साहेब. एका हातावर चाललंय,” ते म्हणाले. एका हातावर चालणं हा जुन्या मशीनच्या बाजारातला चारित्र्याचा दाखला असतो. एकच ऑपरेटर, त्यानेच ते जपलं, दुसऱ्या कुणी लिव्हरला हात लावला नाही. ऐकताना मला आमच्या खात्यातले एक वरिष्ठ आठवले. तेही एका टेबलावर चाललेले होते, आणि निवृत्त झाले तेव्हा टेबलाची आणि त्यांची अवस्था सारखीच झाली होती. मालकांनी चहा मागवला, मशीनच्या मागच्या मालकाचा स्वभाव सांगितला, त्याने ते का विकलं याची एक करुण कहाणी सांगितली. शेजारच्या मशीनची कहाणीही बरीचशी तीच होती. फक्त तिच्यात मुलीच्या लग्नाऐवजी ऊस होता.

माझ्याबरोबर आलेल्या मिस्त्रींना कहाण्यांत रस नव्हता. रत्नागिरीच्या बाजूला यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकलेले. यार्डात शिरताच नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड असताना ते कसं कुरकुरतं ते कळत नाही. हात थंड लागला, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग चावी. पहिल्या झटक्याचा धूर ते एखाद्या जुन्या पत्रासारखा वाचत होते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल पितंय, पांढरा रेंगाळला तर आणखी काही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून त्यांनी त्यावर बोटं टेकवली. झाकण थाडथाड उडायला लागलं तर आतल्या रिंगा थकल्या असं समजावं. हायड्रॉलिक ऑइल काचेतून पाहिलं. दुधाळ दिसलं असतं तर पाणी शिरलेलं. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवलं, कारण त्यावरचा एक ओरखडा प्रत्येक फेरीत सील कापत राहतो. मग बूम, आर्म, बकेट सगळं ताणून हवेत उचललं, इंजिन बंद केलं, आणि म्हणाले, “आता चहा.” उचललेला हात चहा संपेपर्यंत किती खाली येतो, त्यावर आतल्या झडपांचं आणि सिलचं वय ठरतं. आयुष्यात मी अनेक परीक्षा पाहिल्या, पण परीक्षार्थी हात वर करून उभा आणि परीक्षक बशीत चहा ओततोय, अशी दुसरी पाहिली नाही. बूम बोटभर उतरला. मिस्त्रींनी मान डोलावली. एवढं तर माणसाचंही उतरतं.

मीटरवर अठ्ठावीसशे तास होते. मिस्त्रींनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खाली वाकून पेडलचं रबर बघत होते, लिव्हरच्या मुठी चाचपत होते, सीटच्या डाव्या कडेचा फाटलेला कोपरा बघत होते, जिथून ऑपरेटर रोज चढतो-उतरतो. पहार लावून पिन हलवून पाहत होते, पिन आणि बुश यांच्यात किती पोकळी पडली आहे ते. “मीटर बदलतात काका,” मला बाजूला घेऊन ते म्हणाले. “पेडल कोण बदलत नाय. हे साडेचार हजारांच्या खाली नाय.” मालकांनी हे ऐकलं असावं, कारण त्यानंतर किंमत न बोलता आपोआप उतरली. मला मात्र त्या हरवलेल्या तासांची गंमत वाटत राहिली. कुणीतरी ते तास खणलेले होते, घाम आला होता, डबा खाल्ला होता, पगार घेतला होता. आणि मग एका दुपारी कुणीतरी मीटर बदललं आणि ते सगळं घडलंच नाही असं ठरलं. आमच्या खात्यात उलट होई. न घडलेली मोजणी घडली असं लिहिता येई. दोन्ही ठिकाणी खरं काय ते शेवटी पेडलवरच सापडतं.

मशीन ट्रकवर चढून अणुस्कुरा घाटाने खाली आलं. वाडीत आल्यावर ते धुवायला घेतलं तेव्हा पट्ट्यांच्या सांध्यांतून, चाकांच्या बेचक्यांतून माती निघू लागली, आणि ती आमची नव्हती. काळी, चिकट, नखात बसली की निघू नये अशी देशावरची माती; मध्येच पिवळसर शाडूचा एक पापुद्रा; एका रोलरमागे बांगडीची हिरवी काच. केबिनमध्ये दत्ताच्या तसबिरीशेजारी कुठल्याशा पोराने चिकटवलेलं वाघाचं स्टिकर होतं. त्याचा एक कोपरा कुणीतरी सोलून काढायचा प्रयत्न केला होता आणि मग सोडून दिला होता. नवं मशीन घेणारा माणूस लोखंड विकत घेतो. जुनं घेणारा कुणाच्या तरी विहिरीचा गाळ, कुणाच्या घराचा पाया, कुणाच्या शेताचा बांध, सगळं विकत घेतो, आणि त्यांतलं काहीही त्याच्या मालकीचं होत नाही. ती काळी माती मी हाताने गोळा करून परसातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी टाकली. हिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, सांगली असावी.

मग गाऱ्हाणं झालं. बकेटच्या दातांना हळदकुंकू लावलं, रबराच्या पट्ट्यासमोर नारळ वाढवला, आणि गुरवांनी ग्रामदेवतेला हाक घालून या लेकराला, म्हणजे मला, आणि त्याच्या वाहनाला सांभाळ असं सांगितलं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा दिला. गाऱ्हाण्यात वाटेवरचं अडखळणं, दृष्ट, आडवं-उभं सगळं येतं. या वेळी गुरवांनी आपणहून हायड्रॉलिकचा पाइप फुटू नये हेही घातलं, आणि त्यालाही तितक्याच गांभीर्याने होय महाराजा मिळालं. देवाला तांत्रिक तपशील सांगायला हरकत नसावी. ज्याला पावसाचं वेळापत्रक सांभाळायचं असतं, त्याला दोनशे बारचा दाब अवघड नाही.

खणायला लागल्यावर पाहिलं तर गडग्यावर माणसं बसलेली. खणणं बघणं हा मानवजातीचा एक जुना छंद आहे. २०१९ साली ‘जेसीबी की खुदाई’ बघणाऱ्यांवर सगळा देश हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरचं बांधकाम चालू असताना १९३८ साली पायाचं खोदकाम बघणाऱ्यांसाठी मुद्दाम सज्जा उभारला गेला आणि त्यांना एका गमतीच्या क्लबाची सभासदपत्रंही वाटली गेली. आमच्या गडग्यावर पत्रं नव्हती, पण सभासद होते. लहान पोरं लिव्हर बघत. उजव्या हाताने बूम आणि बकेट, डाव्या हाताने आर्म आणि गोल फिरणं. ऑपरेटर म्हणून ठेवलेला शेजारचा पोरगा चारही हालचाली एका लयीत गुंफायचा. म्हातारी माणसं मात्र लिव्हर बघत नसत. त्यांचं लक्ष खड्ड्यात असे. जमिनीच्या पोटातून काय निघतंय, मुरूम की गोटा, कुठे ओल लागतेय. आयुष्यभर ज्या जमिनीवर चाललो, तिच्या आत काय आहे हे बघायची संधी माणसाला फार उशिरा मिळते.

वरच्या सड्यावर खणण्याआधी आम्ही एक सोपस्कार पाळतो. खराटा घेऊन कातळ झाडून काढतो. आमच्या तालुक्यात कातळावर चित्रं आहेत. बारसू, देवी हसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी. आणि कशेळीला तर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, ज्याच्या अंगात दुसरे कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कोकण आणि गोव्यातल्या अशा नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. ज्यांनी हे कोरलं ते कोण होते, काय खात होते, हे त्या रेघांतून जेवढं सुटतं तेवढंच आपल्याला कळतं. पण एक गोष्ट मोजणीच्या माणसाला स्पष्ट दिसते. त्यांनी काही इंचच खणलं. एवढ्या अवाढव्य हत्तीसाठी त्यांनी कातळातून काढलेला चुरा किती झाला असेल? आमच्या मशीनच्या काही बकेटींत मावला असता. माझ्या शंभर खड्ड्यांतून, एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल, शंभर घनमीटर माती निघाली. आणि तिच्यावर एक खारही कोरलेली नाही. कमी खणून जास्त ठेवून जाणारी माणसं इथे आमच्या आधी राहून गेली, हे खराटा मारताना दर वेळी लक्षात येतं.

वडिलांचे खड्डे या दोन्हींच्या मधले होते. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना आली. रोजगार हमी म्हणजे हाताला काम, त्यामुळे सगळं पारयीने, म्हणजे पहारीने, आणि कुदळीने. उन्हाळ्यात खड्डे मारायचे, ते तापू द्यायचे, मग पालापाचोळा, शेणखत आणि वरची माती घालून भरायचे आणि पहिल्या पावसात कलम लावायचं. मीटरभर खोल असं कागदावर लिहिलेलं असे. दोन फुटांवर पारय वाजायची. मातीत पारयीचा आवाज होत नाही, मुरमात खर्र होतो, आणि कातळ लागला की एक लांब, स्वच्छ नाद येतो. तो नाद ऐकला की वडील थांबत. पाठ सरळ करून म्हणत, “इथे याचं घर एवढंच.” मग त्या झाडाला ते कडेने दगडांचं कोंडाळं करून वरून माती चढवत. खाली न मिळालेली खोली वरून द्यायची, असा त्यांचा व्यवहार. त्या दोन फुटांवरच्या झाडांतली काही अजून उभी आहेत. आडवी पसरलेली, वाऱ्याकडे पाठ केलेली, आणि आंबा देणारी. माझा ऑपरेटर कातळ लागला की ब्रेकर जोडायचा का विचारतो. मी दर वेळी जोडू देतोच असं नाही.

बाहेरची कामं सुरू झाली तेव्हा मात्र मला कळलं की आपण नक्की कशाचा धंदा काढला आहे. खड्डा ही वस्तू नाही. तासाला ठरलेल्या दराने मी जे विकतो ती रिकामी जागा आहे, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते जे काढून नेलं त्याचे. शिवाय ही जागा रिकामी ठेवायला कुणीच विकत घेत नाही. शोषखड्डा मागणारे अण्णा एकीकडे मीटरकडे आणि दुसरीकडे सुनेच्या अंगणात साचणाऱ्या पाण्याकडे बघत होते. ठाण्याहून फोनवरून पाया खणून घेणाऱ्या गृहस्थांना व्हिडिओत खड्डा दिसायलाच हवा होता, पण तो चुलतभावाच्या हद्दीकडे किती सरकला हे त्याहून जास्त दिसायला हवं होतं; तिथे माझं जुनं खातं कामाला आलं. धाकट्या काकींना एकच माड लावायचा होता. एका माडासाठी मशीन न्यायचं तर डिझेल खड्ड्यापेक्षा महाग. पण तो माड म्हणजे नातवाच्या बारशाला आणलेलं रोप आहे हे त्यांनी सांगितलं, आणि मशीन पाणंदीने वर गेलं. काकींनी तासाचे पैसे म्हणून सोलं दिली, आणि वर सुट्टे नाहीत म्हणून कुळथाची पिठी.

आणि भर आषाढात एका संध्याकाळी शेजारवाडीचे तात्या आले. छत्री मिटून पडवीत उभे राहिले, बसले नाहीत. त्यांचा बैल गेला होता. पाऊस चार दिवस सुटला नव्हता, मुलगे मुंबईत, आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये एवढं खोल हाताने खणणं त्यांना आता होण्यासारखं नव्हतं. मशीनच्या दिव्याच्या उजेडात पाऊस तिरका दिसत होता. पोरग्याने एरवीपेक्षा हळू खणलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बकेटने उचलायचं का, असं त्याने विचारलं तेव्हा तात्या नाही म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दोरावर बैल खाली सोडला. मीठ टाकलं. माती लोटायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, “पहिली मी हाताने लोटतंय. मग तुमचं मशीन.” सगळं झाल्यावर त्यांनी कनवटीला हात घातला आणि विचारलं, किती झालं? मीटरवर ०.७ तास पडले होते. बेचाळीस मिनिटं. इतका अचूक आकडा इतका निरुपयोगी झालेला मी पाहिला नव्हता.

हिशेबाची वही ही लिहिते. तारीख, नाव, तास, दर, रक्कम. त्या रात्रीच्या ओळीत तिने तास लिहिले आणि पुढच्या दोन रकान्यांत आडव्या रेघा ओढल्या. हल्ली त्या वहीत आडव्या रेघा बऱ्याच असतात. मशीन आपलं आपणच फेडून घेईल हे माझं वचन तिने मला एकदाही ऐकवलेलं नाही. उलट परवा तिनेच परसात करवंदीच्या झाडाशेजारी पाच-सहा खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. काय लावायचंय विचारलं तर म्हणाली, “ते पावसापर्यंत ठरवू. खड्डे तर होऊ देत.” खुंट्यांमधलं अंतर मी मोजून पाहिलं. बरोबर होतं.

कधीतरी हे मशीन मीही विकीन. कुंपणाआड रंग देऊन उभं राहील, आणि कुणीतरी आपल्या मिस्त्रीला घेऊन येईल. तो बॉनेटवर हात ठेवील, झाकण सैल करील, बूम उचलून चहा पिईल. पेडलवरून तो माझे सगळे तास बरोबर ओळखील, पण त्या तासांत काय काय भरून झालं ते त्याला दिसणार नाही, आणि ते सांगत बसलो तर किंमत वाढायची नाही. म्हणून मी त्याला भाव सांगायच्या आधी एवढंच विचारायचं ठरवलं आहे, की काय लावणार आहात? उत्तर आवडलं तर दहा-वीस हजार कमी करायला माझी हरकत नाही. हिचं म्हणणं, आडव्या रेघांच्या पाच वह्या भरल्यावर कमी करायला काही उरेल असं समजू नका. शिवाय तो माणूस एखादा माड म्हणाला, तर तुम्ही मशीन तसंच देऊन मोकळे व्हाल, आणि वर घाटापर्यंत पोचवायला जाल.